दर्याबाबाला न्यायचा दिवस

पुंजारामनं टेम्पोत आधी पहार ठेवली, तिच्यावर दोन गाद्या टाकल्या, गाद्यांवर रूपानं दिलेला पुरणपोळ्यांचा डबा ठेवला आणि हात झटकत विचारलं, "फुलंब्रीच्या वहिनीला सांगितलं का?"

"आज सांगतो," बद्रीनाथ म्हणाला.

"तीस वर्षांत जमलं नाय ते आज जमणार?"

बद्रीनाथनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि काहीतरी विसरल्याचं निमित्त करून तो पुन्हा माडीवर गेला. हर्सूलच्या घराची ही माडी रूपानं पापड-कुरडया वाळवायला म्हणून हट्टानं बांधून घेतली होती. पण नवरा फौजेतून निवृत्त होऊन आला आणि त्या माडीवर सोमालिया उतरला. भिंतीवर शांतिसेनेच्या निळ्या टोप्या घातलेल्या जवानांचे फोटो, खिळ्याला उंटाच्या गळ्यातली लाकडी घंटा, फळीवर जेवणाची ताटली, दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा आणि लोणच्याच्या बरणीत तिकडची लाल माती. प्रत्येक वस्तूखाली पुंजारामच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी. पुंजाराम आणि बद्रीनाथ एकाच पलटणीत होते, त्र्याण्णव साली एकाच विमानानं तिकडं गेले होते आणि आता दर रविवारी मिळून त्या वस्तू पुसायचे. संक्रांतीला रूपानं पापड कुठं वाळवायचे असं विचारलं, तेव्हा दोघांनी एकमेकांकडं असं पाहिलं की जणू तिनं छावणीवर हल्लाच केला.

खोलीच्या मधोमध एक सिमेंटचा चौथरा होता. त्याच्यावर काहीच नव्हतं. त्याच्यावर यायचा होता तो दगड.

तिकडच्या एका खेड्यातली बुजलेली विहीर या लोकांनी उपसून दिली होती. परत निघायच्या दिवशी विहिरीच्या काठाचा एक निखळलेला दगड घेऊन बद्रीनाथ, पुंजाराम आणि त्यांच्याच पलटणीतला सांडू या तिघांनी छिन्नीनं त्यावर आपापली नावं आणि खाली साल कोरलं. दगड बद्रीनाथच्या ट्रंकेतून भारतात आला. फोटो सगळे सांडूनं काढले होते. कॅमेरा त्याचा एकट्याचा, आणि तो दुसऱ्याच्या हातात द्यायला त्याचा जीव होत नसे. त्यामुळं छत्तीसच्या छत्तीस फोटोंत सांडू कुठंच नाही. एकात खालच्या कोपऱ्यात त्याचं बोट तेवढं आलंय, आणि पुंजारामनं त्या बोटाखालीही चिठ्ठी लावली होती.

सांडू करमाडचा. त्याची कागदपत्रं, पदक, सगळं घराची भिंत पडली त्या पावसात गेलं. गावात त्याला 'सोमालिया' म्हणून हाक मारत, आणि ती कौतुकानं नव्हे. गेल्या वर्षी दवाखान्यात, नाकात नळी असताना तो बद्रीनाथला म्हणाला होता, "लोकं म्हणतेत मी नागपूरच्या पुढं गेलोच नाय. पोरं बी हसतेत. माझ्या चतुरीला तेवढा दगड दाखव." बद्रीनाथनं त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. त्यानंतर तेराव्या दिवशी सांडू गेला, आणि दगड अजून जिथं होता तिथंच होता.

म्हणजे थोरल्या भावाच्या फुलंब्रीजवळच्या शेतात, लिंबाखाली. शेंदूर लावून.

"मी मधी पडणार नाय," गाडीत बसता बसता रूपानं सांगून टाकलं. "जाऊबाईंशी तुमचं तुम्ही बोला. मला त्या घरात वर्षातून चारदा तोंड दाखवायचंय."

हे सगळं झालं कसं, तर चौऱ्याण्णव साली बद्रीनाथनं ट्रंक शेतातल्या घरी ठेवली, दगड लिंबाखाली काढून ठेवला आणि तो पुढच्या पोस्टिंगला निघून गेला. त्याच महिन्यात थोरल्या भावाच्या, गोकुळच्या कोरड्या विहिरीला पाणी लागलं. आता शेतात नवीन काय आलं होतं? दगड. आणि तो कुठून आला होता? दर्यापार. गोकुळची बायको साळूबाई हुशार होती, तिनं दोन्ही गोष्टी जुळवल्या आणि दगडावरची अक्षरं कुणी वाचायच्या आत पाव किलो शेंदूर आणून थापला. पुढच्या सुट्टीत बद्रीनाथ आला तेव्हा दगडाचा दर्याबाबा झाला होता आणि वहिनी त्याच्या हातात नारळ देत होती. ती इतकी आनंदात होती की त्यानं नारळ फोडला. खरं काय ते पुढच्या सुट्टीत सांगू, असं ठरवलं. पुढच्या सुट्टीत बाबाला घंटा आली होती. त्याच्या पुढच्या सुट्टीत ओटा. गोळीबारात न डगमगलेला माणूस दर सुट्टीला वहिनीपुढं मूग गिळून बसला, आणि आता पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी बाबाचा भंडारा व्हायला लागून एकोणतीस वर्षं झाली होती.

आजही भंडाराच होता. ते पोहोचले तेव्हा गोकुळ बांधावर उभा राहून लोकांना कांद्यातून चालू नका म्हणून सांगत होता, आणि लोक "व्हय व्हय" म्हणत कांद्यातूनच चालत होते. बद्रीनाथनं त्याला बाजूला घेऊन, दगड न्यायचाय असं दबक्या आवाजात सांगितलं, तेव्हा त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटलो. दर गुरुवारी पंधरावीस माणसं, भंडाऱ्याला दोनशे. आजवर किती वाफे तुडवले गेले ते त्याचं त्यालाच माहीत.

"ने," तो म्हणाला. "माझी ना नाय. पण मी सांगितलं असं म्हणू नको."

"दादा, तू थोरला. तू वहिनीला जरा..."

"मी?" गोकुळनं भावाकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "तू फौजेत होता ना?"

तेवढ्यात गोकुळचा मुलगा सुदर्शन तिथं आला. तिशीतला, पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाईल, पुढच्या निवडणुकीत ग्रामपंचायतीत जायची खटपट करणारा. आपल्या बापाला आणि काकाला एका जागी कुजबुजताना पाहून त्याला संशय आलाच होता. गोष्ट कळली तशी त्याचा चेहरा उतरला. दर्याबाबाच्या नावावर त्यानं डांबरी रस्ता मंजूर करून आणला होता. अर्जात 'जागृत देवस्थान' असं लिहिलं होतं आणि आमदारांच्या हस्ते कुदळ मारायची तारीखही ठरली होती.

"काका, देव काय फ्रीज आहे का, उचलून दुसऱ्या घरी ठेवायला?" तो म्हणाला.

"तो देव नाय रे."

"रस्ता होईस्तोवर तरी आहे," सुदर्शन म्हणाला आणि तडक आईकडं गेला.

म्हणजे बद्रीनाथच्या बाजूनं राहिले दोन. त्यातला एक कांद्याच्या वाफ्यात नाहीसा झाला होता आणि दुसरा, पुंजाराम, भंडाऱ्याच्या पंगतीत आधीच जाऊन बसला होता.

साळूबाईला सुदर्शननं अर्धंच सांगितलं: काकाला बाबा शहरात न्यायचाय. दगडावर काय कोरलंय हे बद्रीनाथ त्यालाही बोलला नव्हता. साळूबाईनं पुरण वाटता वाटता ते ऐकलं, हात धुतले आणि बाहेर आली. ती या घरात नांदायला आली तेव्हा बद्रीनाथ चौथीत होता. त्याच्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या होत्या, भरतीला जाताना दशम्या तिनं बांधून दिल्या होत्या. तो आपल्याकडून काहीतरी मागणार आहे आणि मागायला घाबरतोय हे तिला सकाळीच, तो टेम्पोतून उतरला तेव्हाच कळलं होतं.

"बाबाला माडीवर ठेवणार म्हणे. त्या दुधाच्या डब्याशेजारी?"

"डबा हलवू, वहिनी."

"तिथं निवद कोण दाखवील? रूपा?"

रूपानं आपण मध्ये पडणार नाही हे गाडीत सांगितलं होतं. आता दोनशे बायामाणसांपुढं तिला विचारलं गेलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "माझ्यानं नाय होणार, बाई. माझं गुडघ्याचं दुखणं हाये. माडीला चौदा पायऱ्या हायेत." आणि जावेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बद्रीनाथनं बायकोकडं पाहिलं. तिनं आभाळाकडं पाहिलं.

शेवटी साळूबाईनंच तोड काढली. बाबालाच विचारू. कौल लावू. कण्हेरीची दोन फुलं पाण्यात बुडवून बाबाच्या अंगाला चिकटवायची. उजवं आधी पडलं तर जायला तयार, डावं आधी पडलं तर नाही. याला कोणी ना म्हणायचं कारण नव्हतं. पंगत थांबवली गेली, माणसं ओट्याभोवती जमली, साळूबाईनं फुलं लावली आणि हात जोडले.

आता बाबा तीस वर्षांत चांगलाच बाळसेदार झालेला. दर अमावस्येला नवा शेंदूर, त्यात भरपूर तेल, शिवाय एप्रिलचं ऊन. फुलं जी चिकटली ती चिकटलीच. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. वरणावर साय धरली. सुदर्शन सावली करतो म्हणून छत्री घेऊन उजव्या बाजूला उभा राहिला, म्हणजे तिकडं वारा लागू नये. पुंजारामनं ते हेरलं आणि त्याला उजव्याच बाजूला एकाएकी मोठा खोकला लागला. त्यावर सुदर्शननं छत्री आणखी खाली धरली. पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं, बाबाला विचार करायला वेळ लागत असंल तर तोवर आम्हाला वाढा, असं सुचवलं.

या गडबडीत रिक्षातून एक बाई उतरली. निळं लुगडं, हातात कापडी पिशवी, पायात नवीन चपला. बद्रीनाथनं तिला ओळखलं. सांडूची बायको, चतुराबाई. तिला पुढच्या रविवारी हर्सूलला बोलावलं होतं, दगड चौथऱ्यावर नीट बसवून झाल्यावर. "मीच फोन केला," पुंजाराम त्याच्या कानाशी पुटपुटला. "म्हटलं, दगड आजच निघंल. सरळ इथंच या."

चतुराबाई गर्दीतून पुढं आली. सगळ्यांना नमस्कार करून झाल्यावर तिनं साधं विचारलं, "भाऊ, त्यो दगड कुठंय?"

बद्रीनाथला वाटलं, आता खोकला आपल्याला यावा. पण चतुराबाई करमाडहून दोन गाड्या बदलून आली होती, नवीन चपला घालून आली होती, आणि तिच्याकडं पाहून त्याला दवाखान्यातला सांडू आठवला. त्याला स्वतःची लाज वाटली. तो वहिनीकडं वळला.

"वहिनी, बाबावर नावं हायेत."

"देवाला नाव असतंच."

"देवाचं नाय. आमची. आम्ही कोरलेली. शेंदराच्या खाली. वरती माझं, मग पुंजारामचं, मग यांच्या मालकांचं."

मागची माणसं पुढं सरकली. साळूबाईला ते समजायला थोडा वेळ लागला, आणि समजत गेलं तसा तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजे तीस वर्षं मी तुझ्या पाया पडू राह्यले?"

"माझ्या एकट्याच्या नाय," बद्रीनाथ म्हणाला, आणि हे बोलायला नको होतं हे त्याला लगेच कळलं. सगळ्यांच्या नजरा पुंजारामकडं गेल्या. पुंजाराम लिंबाची पानं मोजायला लागला.

"अन् मी?" रूपा एकदम पुढं आली. "पोरगी व्हावी म्हणून मी अकरा गुरुवार केले. उपाशी. तुमच्या नावानं? घरात समोर बसलेले असताना मी फुलंब्रीला येऊन तुम्हाला नारळ फोडू राह्यले होते?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी एकजण. सुदर्शन दोन्ही मोबाईल बाहेर काढून, कोण शूटिंग करतंय का ते पाहत होता.

साळूबाईला मात्र हसू येत नव्हतं. देव देव नव्हता याचं तिला तेवढं वाईट वाटलं नाही. विहिरीला पाणी लागलं होतं ते खरं होतं आणि ते कुणीतरी दिलंच होतं. तिला लागलं ते वेगळंच. ज्याला तिनं पोटच्या पोरासारखं वाढवलं त्यानं तिला तीस वर्षं असं राहू दिलं.

"मला हसत असशील मनातल्या मनात," ती म्हणाली.

"एकदा बी नाय, वहिनी. दर सुट्टीला मी बी पाया पडलो."

"स्वतःच्याच?"

"व्हय."

त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की तिचा राग अडखळला. तिनं चतुराबाईकडं पाहिलं. ती बाई कुठल्याच भांडणात नव्हती. पिशवी छातीशी धरून ती फक्त त्या तांबड्या दगडाकडं बघत होती, आणि कोणी तिला बसासुद्धा म्हटलं नव्हतं. साळूबाईनं तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि काय झालं, कशासाठी आल्या, सगळं तिच्याच तोंडून ऐकलं. कॅमेऱ्याचं ऐकलं, भिंतीचं ऐकलं, गावातल्या लोकांचं ऐकलं. मग ती घरात गेली आणि तेलाची बाटली आणि खुरपं घेऊन आली.

"आई, रस्ता..." सुदर्शन म्हणाला.

"रस्त्यानं घरी जा," साळूबाई म्हणाली.

बद्रीनाथनं खुरपं घ्यायला हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला. शेंदूर तिच्या हातानं लागला होता, तिच्याच हातानं निघणार होता. तिनं दगडाला भरपूर तेल चोळलं, कडेनं खुरप्याचं टोक घातलं आणि हलक्या हातानं सैल करत गेली. उन्हानं मऊ झालेली खपली वीतभर जाड निघाली. दोन्ही फुलं तिच्यावरच चिकटलेली, त्यामुळं बाबाचं म्हणणं काय होतं ते कुणालाच कळलं नाही. आधी दिसलं ते पुंजारामचं नाव. सवयीनं दोनचार जणांचे हात जोडले गेले, आणि त्यात पुंजारामचेही होते. मग बद्रीनाथचं नाव निघालं. साळूबाईनं त्यावरचा शेंदूर जरा जोरातच खरवडला. सगळ्यात खालचं नाव लहान होतं, वळणदार होतं, आणि छिन्नी चालवणाऱ्यानं घाई केली नव्हती हे दिसत होतं. ते तिनं पदरानं पुसलं आणि ती बाजूला झाली.

चतुराबाई गुडघ्यावर बसली. चौथीपर्यंत शिकलेली. तिनं बोट अक्षरांच्या खोबणीत ठेवलं आणि बोटाबरोबर वाचत गेली.

"सां. डू."

आणि तिनं पदर तोंडावर धरला. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव तिनं कधी उच्चारलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा लाजून अर्धंच सोडलेलं. बायकांना ते कळलं. पुरुषांना जरा उशिरा कळलं.

"घ्या, बाई," साळूबाई म्हणाली. "इथं देवाचं नाव घ्यायला बायकांना बंदी नाय."

चतुराबाईनं पुन्हा वाचलं. या वेळी मोठ्यानं, खालच्या सालासकट. मग ती रडली, आणि रडता रडताच पिशवीतून मोबाईल काढून रूपाला म्हणाली, फोटो काढा, पोरांना दाखवायचाय. रूपानं फोटो काढला. बद्रीनाथला डोळे पुसायला रुमाल सापडेना, तो गोकुळनं दिला. कांद्यातून बाहेर येऊन तो कधी शेजारी उभा राहिला होता ते बद्रीनाथला कळलंही नव्हतं.

"ने रे तुझा दगड," साळूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण ती दमलेली दिसत होती. "गाद्या आणल्यात म्हणे."

पुंजाराम टेम्पोकडं वळला. तेवढ्यात चतुराबाईनंच हात केला.

"नका नेऊ, भाऊ."

बद्रीनाथला वाटलं तिला नीट समजलं नाही. तो सांगायला लागला, माडीवर खोली केलीय, चौथरा आहे, शाळेची पोरं येतात, सगळे वाचतील.

"वाचतील अन् जातील. इथं बाईंनी रोज आंघोळ घातली, रोज खाऊ घातलं. घरी एवढं तर मी बी नाय केलं त्यांचं. इथंच राहू द्या. नाव तेवढं उघडं ठेवा." आणि मग तिनं साळूबाईकडं पाहत हळूच विचारलं, "चालंल का तुम्हाला?"

साळूबाईनं हातातलं खुरपं ओट्यावर ठेवलं. सगळ्यांसमोर उघडी पडल्यावर हा दगड आता कुणी आपल्या हाती ठेवील असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं मान डोलावली. मग पदर खोचला, आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. बद्रीनाथ आणि पुंजाराम हातपाय धड असलेली जिती माणसं आहेत, त्यांच्या नावांवर उद्याच्या उद्या शेंदूर चढंल, तिनं जाहीर केलं. तिसरं उघडं राहील. दर पाडव्यानंतरच्या रविवारी चतुराबाईला आणायला टेम्पो जाईल, आणि तो पुंजाराम घेऊन जाईल. सुदर्शनला, अर्जात खोटं लिहिलं नव्हतं हे पटायला लागलं होतं. एका माजी सैनिकाचं स्मारकही त्यात घालता येईल का याचा तो विचार करत होता.

वरण पुन्हा गरम झालं, पंगत बसली. साळूबाईनं दरवर्षीसारखं निवदाचं ताट वाढून आणलं: पुरणपोळी, भात, वरण, कुरडई, वांग्याची भरली भाजी. ते दगडापुढं ठेवायला ती वाकली आणि मध्येच थांबली. कुणाला वाढतोय हे तिला पहिल्यांदाच ठाऊक होतं.

"बाई, यांना काही वर्ज्य होतं का?" तिनं विचारलं.

चतुराबाईनं ताट पाहिलं आणि सांगावं की नाही अशी जरा घुटमळली.

"वांगं," ती म्हणाली. "नुसतं ताटात दिसलं तरी उठून जायचे."

साळूबाई तशीच वाकलेली राहिली. गेली एकोणतीस वर्षं भंडाऱ्याला, आणि गुरुवारी तर नेमानंच, वांग्याची भाजी होती. बाबाला आवडते म्हणून गावात तिनंच सांगितलं होतं. तिनं वांग्याची वाटी उचलली, बद्रीनाथच्या पानात उपडी केली, त्याच्याकडं न बघता परत आली आणि ताट नीट सरळ करून ठेवलं.

"माफ करा, भाऊ," ती दगडाला म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाय."